मालगुजाराच्या गाडीचा क्लच

घरात ह्यांना मी कोणीही दिसायची. सकाळी पोह्यांची प्लेट समोर ठेवणारी बाई, दुपारी कुलरसमोर बसलेली कोणाची तरी सासू, संध्याकाळी गोळी देणारी दवाखान्यातली मावशी. ह्यांचं नाव मारोतराव. आमच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण आता हेच स्वतःचं नाव विसरतात, तर घरात कोणीतरी ते घेतलं पाहिजे.

एकदा जेवता जेवता मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या घरच्या?"

"तुमच्या बापाची सून आहो," मी म्हटलं.

ह्यांनी घास हातात धरून नीट विचार केला. "माझ्या बापाले सून नाही. माझं लग्न व्हायचं आहे अजून."

"मग लवकर करा. वय होऊन राहिलं."

हर्षा, माझी सून, हसू दाबत आत पळाली. मीही हसले. हसून झालं की मग पाणी प्यावं लागतं, नाहीतर घास उतरत नाही.

घरात असं होतं. गाडीत तसं नव्हतं, आणि मला जे सांगायचं आहे ते गाडीचंच आहे.

नागपुरात सक्करदऱ्याला आमचं गॅरेज. मागे घर, पुढे आवार, आवाराच्या कडेला पत्र्याची शेड. आवारात आता अंकुश, माझा मुलगा, नव्या गाड्या दुरुस्त करतो. त्या गाड्यांना आधी कम्प्युटर लावतात, मग हात लावतात. शेडमध्ये मात्र एकच गाडी उभी असते. काळी, फुगीर मडगार्डची, दाराखाली पाय ठेवायला फळी असलेली. ती इंग्रजांच्या वेळची. नरखेडकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, संत्र्याच्या बागेत ती पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मालगुजाराचा नातू म्हणाला, घेऊन जा, तेवढी जागा मोकळी होईल. ह्यांनी तिथंच बागेत बसून तिला चालू केलं आणि मग मला बोलावून घेतलं. रिकामी गाडी घरी न्यायची नसते म्हणाले, बाईमाणूस बसलं पाहिजे. मी पोटुशी, अंकुश पोटात. सासूबाई नको म्हणत होत्या, मी एसटीने गेले.

तेव्हा तिचा क्लच फार वाईट होता. क्लच म्हणजे काय ते मला जेवढं कळतं तेवढं सांगते. इंजिन फिरतच असतं, चाकं उभी असतात, आणि दोघांची गाठ घालून द्यायची असते. पाय हळू सोडला की एक तबकडी दुसरीला जाऊन टेकते आणि दोघी सोबत फिरायला लागतात. टेकणं एकसारखं झालं तर गाडी गुमान निघते. एका बाजूने आधी टेकलं, नाहीतर मध्ये तेल आलं, तर ती धरते, सोडते, धरते, सोडते, आणि सगळी गाडी थरथरत, हिसके देत निघते. एकदा निघाली की मग काही नाही. निघतानाच तेवढं.

समोर काच, काचेखाली लाकडी फळी आणि माझं पोट. ह्यांनी क्लच सोडला, गाडी थरथरली, आणि ह्यांचा डावा हात गिअरवरून सुटून माझ्यासमोर आडवा आला. "सांभाळ वं, प्रयाग."

ह्यांच्या तोंडून माझं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. घर भरलेलं, सासू, सासरे, दीर, जावा. हाक मारायची तर 'अवं', नाहीतर नुसतं खाकरायचं. नाव गाडीत ऐकलं. मग नागपूरपर्यंत जिथं जिथं गाडी थांबून परत निघाली, रेल्वेच्या फाटकावर, नाक्यावर, कापसाच्या बैलबंड्यांमागे, तिथं तिथं तो हात आला आणि नाव आलं. लोक रस्त्यावर थांबून गाडी पाहत होते. मी समोर पाहत होते आणि पुढचं फाटक कधी लागते त्याची वाट पाहत होते.

पुढे ह्यांनी क्लच सुधारला. गाडी गुमान निघायला लागली आणि हात यायचा थांबला. थांबला हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कशाला येईल? तेव्हा माणूस पुरा होता.

विसरायला लागले तेव्हा आधी नव्या गोष्टी गेल्या. मग गिऱ्हाइकांची नावं गेली, घरातल्या माणसांची गेली, आणि हे मागे मागे सरकत उमरेडला बापाच्या घरात जाऊन बसले. आम्ही कोष्टी. ह्यांच्या लहानपणी घरात माग होता. रोज सकाळी बाप मागावर बसायच्या आधी, जिथं जिथं लोखंड घासतं तिथं तिथं तेल सोडायचं काम ह्यांच्याकडे होतं. ते काम ह्यांनी परत सुरू केलं. माग नाही तर गाडी. सकाळी तेलाची कुपी घेऊन शेडमध्ये जायचे आणि दिसेल त्या भोकात तेल सोडायचे. दाराच्या बिजागरीत, बॉनेटच्या कडीत, आणि आत पायाशी क्लच पाहायचं एक झाकण असते त्याच्यातही. जन्मभर ज्या माणसाने हाताखालच्या पोरांना दम दिला की क्लचला तेलाचा थेंब लागला तर गॅरेजमधून हाकलीन, तोच माणूस. झाकण उघडून, वाकून, बापाच्या मागाची सेवा केल्यासारखं तेल सोडत होता.

शेडची किल्ली माझ्या कमरेला. घरातल्या सगळ्याच किल्ल्या माझ्या कमरेला असतात आणि मी आहे तोवर असतील. मी रोज शेड उघडून देत होते, कारण तेल घालताना हे शांत असायचे.

तेल घालून झालं की अंकुश आवाराचं फाटक बंद करून ह्यांना गाडी चालवू द्यायचा. शेडमधून फाटकापर्यंत, तिथून मागे शेडमध्ये. हातापायाची सवय सगळ्यात शेवटी जाते, करू द्या, असं डॉक्टरच म्हणाले होते. अंकुश बाजूला बसून हँडब्रेकवर हात ठेवायचा. एक दिवस त्याच्याकडे घाईचं गिऱ्हाईक आलं, म्हणून मी बसले.

ह्यांनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला, पाय सोडला. आणि गाडी थरथरली. आधी पायाखालची फळी, मग दार, मग काच, मग माझ्या हातातल्या बांगड्या. माझ्यासमोर हात आडवा आला.

"सांभाळ वं, प्रयाग."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. डोळे समोर फाटकावर होते. मला वाटलं, आपल्या कानांचं काही खरं नाही. म्हटलं, "कोण प्रयाग?"

"तू, नाही तर कोण? बह्याडासारखी काय पाहून राहिली, मागे टेक. काचेले डोकं लागंल."

फाटकाजवळ गाडी थांबली आणि हे मला परत विसरले. "बाई, मागे घ्यायची आहे गाडी. मले मागचं दिसू द्या." मी सरकले. मागे घेताना पुन्हा थरथर, पुन्हा हात, पुन्हा नाव. शेडमध्ये इंजिन बंद झालं आणि मी पुन्हा कोणीही झाले.

दुसऱ्या दिवसापासून अंकुशला मी सांगून टाकलं, तू तुझं काम कर, बाबांजवळ मी बसत जाईन, हँडब्रेक मलेही ओढता येते. सकाळचं काम आटपून, केस नीट बांधून, चांगलं पातळ नेसून निघायची.

"आई, कुठं चालल्या?" हर्षाने विचारलं.

"फाटकापर्यंत."

फाटकापर्यंत आणि परत, फाटकापर्यंत आणि परत. जितक्या वेळा गाडी निघायची तितक्या वेळा माझं लग्न झालेलं असायचं. कधी नावासोबत आणखी काही यायचं. एकदा म्हणाले, "पाय वर घेऊन बस, सुजले आहे तुझे." एकदा म्हणाले, "बाईले घेऊन चाललो तर माय बोलली मले. बोलू दे." मी नुसतं हूं म्हणायची. जास्त बोलायला जावं तोवर थरथर संपायची आणि हे निघून जायचे.

आवारात उभ्या माणसाला गाडीचं सगळं कळते. अंकुशलाही कळलं. एक दिवस हात पुसत माझ्याजवळ आला.

"माय, बाबांनी क्लचमध्ये तेल टाकून टाकलं. तबकडीवरची लायनिंग भिजली असंल. गिअरबॉक्स उतरवून साफ करतो."

"काहून? काशीले नेऊन राहिला का तिले?"

"काशीले नाही वं माय, पण हिसके पाह्य कसे मारून राहिली."

"मारू दे. बसून मी राहिली, लागून तुले राहिले का?"

"इंजिनाखालचे रबर तुटून जाईन अशानं."

"तुटले की मग पाहू. नव्या गाड्या पडल्या आहे ना आवारात, त्या पाहा आधी. लोकं उभे आहे."

तो गेला. मी त्याला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि रडणाऱ्या माणसाजवळ मला बसवत नाही.

हर्षाला मात्र सांगावं लागलं नाही. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आवाराकडे आहे. भाजी फोडणीला टाकता टाकता ती म्हणाली, "बाबा तुमच्यासमोर हात धरतात, मी पाहते रोज."

"मग?"

"काही नाही. मी तुमच्या मुलाला सांगून देते, क्लचले हात लावू नका म्हणून."

"तू तुझ्या फोडणीकडं पाह्य. लसूण करपून राहिला."

लसूण करपत नव्हता. तरी तिने गॅस कमी केला.

असं चाललं असतं तर मी किती दिवस चालू दिलं असतं कोणास ठाऊक. पण ज्या थरथरीने मला नवरा मिळत होता त्याच थरथरीने ह्यांचा जीव खाल्ला जात होता. ते मला दिसत नव्हतं असं नाही. गाडी हिसके देत निघाली की हात आडवा यायचा, नाव यायचं, आणि त्याच्या मागोमाग कपाळावर आठी यायची. "कोणी केला हा क्लच?" पुढच्या वेळी पुन्हा, "कोणी केला? असा क्लच सोडते का कोणी?" मग जेवताना घास थांबवून, "ती गाडी तशीच उभी आहे ना? गिऱ्हाईक येईन." मग जेवणच नको. दुपारी झोप नाही. आवारात फेऱ्या मारायच्या, शेडसमोर उभं राहायचं, कुलूप हलवून पाहायचं.

सारं नागपूर जुन्या गाड्या घेऊन ह्यांच्याकडे यायचं ते क्लचसाठी. वरातीची जुनी गाडी असेल, तर ती नाचणाऱ्यांच्या मागे गोगलगाईसारखी चालवून चालवून क्लच जळलेला असायचा. हे सांगायचे, नवरदेव हलला नाही पाहिजे, फेटा हलला नाही पाहिजे. आणि करून द्यायचे. लोक ह्यांना क्लचवाले मारोतराव म्हणायचे. बाकी सगळं विसरले तरी आपण क्लचवाले आहोत हे पाय विसरले नव्हते. गाडी थरथरली की आत कुठंतरी ह्यांना कळायचं, की हे काम माझ्या हातून बिघडलं आहे.

त्या सकाळी गाडी शेडमधून निघताना फारच हलली. हात आला. नाव आलं का ते मला नीट ऐकू आलं नाही, दार खडखडत होतं. ह्यांनी अर्ध्यातच ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. अंकुश एका गाडीखालून बाहेर येत होता. हे सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. मान खाली.

"साहेब, गाडी माझ्या हातून बिघडली. असं काम मी कधी कोणाले दिलं नाही. दोन दिवस द्या, करून देतो."

अंकुश पाना हातात धरून उभा. "बाबा, काही बिघडलं नाही."

"मोठेपणा आहे तुमचा. पण एक मेहरबानी करा, साहेब. माझ्या मुलाले सांगू नका. त्याले वाटते, बापासारखा क्लच कोणाले जमत नाही."

अंकुशने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीतच होते. त्याचं तोंड पाहून मला तो चालायला शिकत होता तेव्हाचा दिसला, पडला की आधी माझ्याकडे पाहायचा, रडायचं की नाही ते विचारायला.

"नाही सांगत," तो म्हणाला. "तुम्ही हात खाली घ्या."

मी उतरले. स्वतःच्या पोटच्या पोरासमोर ह्यांनी हात जोडावे आणि मी त्याच गाडीत बसून आपलं नाव ऐकत राहावं, एवढी गरीब मी झाले नव्हते. कमरेची शेडची किल्ली काढली आणि अंकुशच्या हातात दिली. आजवर त्या घरात कोणाच्या हातात मी किल्ली दिली नव्हती.

"काढ गिअरबॉक्स."

खिडकीत हर्षा उभी होती. घरात गेले तर म्हणाली, "आई, एक दिवस विचार तर करा."

"केला. ती तेलाची कुपी घेऊन ठेव. आणि कुठं ठेवली ते मलेही सांगू नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदराआड, म्हणजे ओढणीआड, कुपी घेऊन गेली. कळायचं ते कळलं तिला.

पुढचे दिवस आमच्या आवारात दिवाळीसारखे गेले. खोटं कशाला बोलू. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, खालून गिअरबॉक्स उतरवला, आणि हे जुनी खाकी पँट चढवून खुर्ची टाकून बसले. दिवसभर अंकुशला शिव्या. "पोट्ट्या, असा पाना धरते का? तुह्या बापानं शिकवलं नाही का तुले?"

"शिकवलं," अंकुश खालून म्हणायचा. "मीच शिकलो नाही."

"बाप कोण तुहा?"

"आहे एक क्लचवाला."

"मग त्याले विचारून ये."

अंकुशला त्याच्या लग्नातही मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

क्लचची तबकडी निघाली ती तेलाने काळी, काचेसारखी चकाकणारी. ज्याच्यावर ती टेकते त्या चाकावर निळे निळे डाग पडले होते, घासून घासून तापलेल्या जागा. अंकुश म्हणाला, हिचं टेकणं एकसारखं कसं होईल, एक जागा धरते, एक घसरते. ते चाक त्याने लेथवर घासून गुळगुळीत करून आणलं. त्या गाडीची नवी तबकडी आता कुठं मिळणार, जुनीवरच नवी लायनिंग रिव्हेट मारून बसवून आणली. इंजिनाखालचे रबर खरंच तडकले होते, तेही नवे टाकले. मी खुर्चीवर बसून पाहत होते. एकेक गोष्ट नवी होत होती आणि मला प्रत्येकीचा अर्थ कळत होता.

शेवटी राहिली ती क्लचची बोटं. तबकडी दाबून धरणारी तीन लोखंडी बोटं असतात, ती तिन्ही एका उंचीवर पाहिजेत. एक जरी वर राहिलं तरी गाडी थरथरते. अंकुशने तो सगळा जुडगा बाकावर ठेवला आणि मोजायची पट्टी घेतली. ह्यांनी पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली. डोळे मिटले, आपली तीन बोटं त्या तीन बोटांवर टेकवली. सासरे असंच करायचे, मागाच्या ताण्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे, कुठला धागा सैल आहे ते पाहायला.  ह्यांनी एक नट जरा पिळला, पुन्हा बोटं टेकवली, दुसरा पिळला. तोंडावर असं सुख मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"झालं," म्हणाले. "आता पाह्य, पाणी भरलेला गिलास ठेव बॉनेटवर."

हर्षाने जेवायला हाक मारली, हे उठून हात धुवायला गेले. तेव्हा अंकुशने पट्टी उचलली आणि मापून पाहिलं. दोन बोटं खाली होती, एक चांगलं वर आलं होतं. आधी होतं त्याहून वाईट. त्याने मागे वळून न्हाणीकडे पाहिलं. मग खाली बसला आणि कोणाला दिसू नये अशा बेताने तिन्ही बोटं नीट बसवली.

"माय, बाबांनी एक नंबर केलं," वर न पाहता म्हणाला.

"पाहिलं मी," मी म्हटलं.

मला तेवढ्या वेळात एक गोष्ट सुचली होती. राहू दे म्हणायची. तसंच बसव, बापाच्या हातचं आहे म्हण, कोणी दोष देणार नाही. तोंडाशी आलं होतं. पण न्हाणीजवळून ह्यांचा आवाज येत होता, गाणं म्हणत होते, तोंडातल्या तोंडात, आणि जेवायला काय आहे ते विचारत होते. मी उठून ह्यांचं ताट वाढायला गेले.

गाडी खाली उतरवली त्या दिवशी कोवळं ऊन होतं. अंकुशने फाटक लावलं. मी नेहमीसारखी बाजूला बसले, नेहमीचं चांगलं पातळ नेसून. हर्षा खिडकीत नव्हती, ती पायरीवर येऊन उभी होती.

ह्यांनी इंजिन चालू केलं. गिअर टाकला. पाय सोडायला सुरुवात केली आणि मी फळीवर पाय रोवून बसले, सवयीने. काही झालं नाही. शेडचा खांब मागे सरकायला लागला तेव्हा मला कळलं, आपण निघालो. मडगार्डवर अंकुशचा पाना राहिला होता, तोही जागचा हलला नाही. ह्यांचा हात गिअरवर होता. तिथंच राहिला.

फाटक आलं. गाडी थांबली. मागे घेतली, शेडमध्ये आली. त्यातही काही नाही.

"पुन्हा एकदा," मी म्हटलं.

"घ्या ना," हे म्हणाले आणि पुन्हा काढली. फाटकापर्यंत. मी ह्यांच्या हाताकडे पाहत होते. नखांत काळं ग्रीस होतं, अंगठ्याजवळची जुनी जखम होती, सगळं ओळखीचं.

"पुन्हा एकदा."

हे हसले. "बाई, तुमचं समाधान होईपर्यंत चालवतो. लोकं असंच करते. पहिल्यांदा कोणाले पटत नाही, की हीच ती गाडी म्हणून."

मी हँडब्रेकवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

शेडसमोर गाडी उभी करून हे उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून धरलं. माझ्यासाठी दार ह्यांनी कधी उघडलं नव्हतं, नवरे कुठं उघडतात? गिऱ्हाइकांना उघडून द्यायचे. गाडीची किल्ली फडक्याने पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"घ्या. आता हिच्याकडे पाहायचं काम नाही. फक्त उतारावर क्लचवर पाय ठेवून बसू नका."

मी किल्ली घेतली.

"मालक नाही आले तुमचे?" इकडंतिकडं पाहून विचारलं. "गाडी न्यायले माणूस लागंल ना."

अंकुश तोंड फिरवून नळाकडे गेला.

"येऊन राहिले," मी म्हटलं. "मागे राहिले थोडे."

"येऊ द्या, येऊ द्या. तोवर बसा." मला बाकावर बसवलं, बाक आधी फडक्याने झटकून दिला, आणि आपण जरा अंतर सोडून बसले, परक्या बाईजवळ बसावं तसे. मग घराकडे तोंड करून हाक मारली. "अंकुशची माय, दोन कप चहा ठेव वं. गिऱ्हाईक आलं."

घरातून उत्तर तरी कोण देणार?

"ऐकून राहिली का?" पुन्हा हाक मारली, आणि मला म्हणाले, "आता मले दोन गोष्टी ऐकवंल. तोंडाची फार तिखट आहे आमच्या घरची. पण तिच्याशिवाय ह्या घरातलं पान हालत नाही. किल्ल्या सगळ्या तिच्याजवळ."

"असं का?" मी म्हटलं.

"हो. मीही तिले विचारूनच शेड उघडतो."

हर्षा चहा घेऊन आली. दोन कप. डोळे पुसून आली होती, पण पुसलेलं दिसतं. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं, आणि तिच्या मागे दाराकडे पाहिलं.

"ठेव, पोरी. ती कुठं आहे?"

हर्षाने कप बाकावर ठेवले. ती माझ्याकडे पाहायला लागली.

"कामात असंल," मी म्हटलं.

"कामातच असते." ह्यांनी कप माझ्याकडे सरकवला, आपला तसाच ठेवला. "घ्या तुम्ही. मी थांबतो. काम झाल्यावर पहिला चहा मी तिच्यासोबतच घेतो, सवय आहे."

मीही कप तसाच ठेवला. ऊन सरकत सरकत पायरीवर आलं होतं. चहावर साय धरली. हे थोड्या थोड्या वेळाने मान वाकडी करून घराच्या दारात पाहायचे, कोणाच्या पावलांचा आवाज येतो का ते ऐकायचे, आणि परक्या बाईला ताटकळत ठेवलं म्हणून माझ्याकडे पाहून ओशाळं हसायचे.

"तुम्हाले घाई तर नाही ना, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "येऊ द्या तिले."